चौथा रकाना

ट्रोंदूरकाका मेंढीचं काळीज उजेडाकडे धरून बघायचा.
कडेला सुरी घालून थोडं चिरायचा,
आत चपटे किडे दिसले की एक शिवी हासडून
अख्खं काळीज समुद्रपक्ष्यांकडे भिरकवायचा.
चांगलं निघालं, तर मार्यूनच्या ओंजळीत.
सहा वर्षांची होती तेव्हापासून तिचं काम हेच:
थंड पाण्यात धुवायचं,
पित्ताची पिशवी न फोडता सोडवायची.
फुटली, तर सगळं कडू.

यंदाच्या ऑक्टोबरात ती छत्तीस वर्षांची,
आणि तळहात खाजतायत.

लोकर असेल, म्हणाली.
मीठ असेल. नवा साबण.
आमच्याकडे तळहात खाजला की पैसा येतो म्हणतात;
सुंबात असं काही म्हणत नाहीत,
तिथे खाजतं तेव्हा नुसतं खाजतं.

मार्चपासून रोज रात्री दोन फिक्या पिवळ्या गोळ्या.
आतड्याशी शरीरानं वैर धरलेलं,
दिवसातून चौदा वेळा रक्त.
गोळ्यांनी ते भांडण दाबलं.
जूनमध्ये बोटीवर ती पहिल्यांदाच
संडासाचं दार न शोधता बसली, खिडकीपाशी.
हानुसला फोन केला: आज मी समुद्र बघितला.
तो ग्रीनलंडच्या पाण्यात, ट्रॉलरवर.
हसला: मीही.

आता काकाची सुरी मध्येच थांबली.
"इकडे बघ. उजेडात."
आयुष्यभर मेंढ्यांच्या पापण्या उलटून बघितलेला माणूस,
त्याला चिरून बघायची गरज पडली नाही.
"डॉक्टरकडे जा. आजच."

त्वोरोयरीला नळी भरली,
बोटीनं जायची होती तोर्सहाऊनला.
वारा दक्षिणेचा. बोट रद्द.
दुसऱ्या दिवशीही रद्द.
दोन रात्री ती डबीसमोर बसून राहिली,
घेतली तर काय, नाही घेतली तर काय.
घेतली.
आतड्याची भीती जुनी होती, घरातली;
यकृत तर तिच्याशी कधी बोललंच नव्हतं.

माझ्या भाषेत खाटकाकडे जे यकृत
तेच बोलताना हृदय होतं. शब्द एकच, काळीज.
त्याला घरं पडतात, त्याचं पाणी होतं,
काळजीही बहुधा त्याच्याच घरातली लेक.
मार्यूनच्या भाषेत यकृत म्हणजे यकृतच,
कॉडच्या डोक्यात भरून शिजवतात ते.
म्हणून दुसऱ्या रात्री रडू आलं तेव्हा
तिला कळेना, हात नेमका कुठे ठेवायचा.

डॉक्टर रान्वानं आकडा सांगितला: सहाशे चाळीस.
असायला हवा पस्तिसाच्या आत.
"औषधानंच केलंय. आजपासून बंद."
"मग आतडं?"
फोनवर बराच वेळ दोन्हीकडचा वारा.
"बघू," रान्वा म्हणाली.
निदान खोटं तरी बोलली नाही.

बापाची वही आहे घरात, कापणीच्या हिशेबाची.
माद्या, नर, चरबीचं वजन:
१९७४ पासून तीन रकाने.
तिनं पट्टी ठेवून चौथा आखला.
सहाशे चाळीस.
तीनशे नव्वद.
एकशे बारा.
खाज गेली, डोळे निवळले,
आणि त्याच आठवड्यात, पहाटे चारला,
संडासात पुन्हा लाल.

हानुस घरी आला नाताळाच्या आधी,
दाढीत अजून डिझेलचा वास.
टेबलाशी वही चाळत बसला.
यंदा चरबी कमी पडली, म्हणाला.
बोट पुढे सरकलं.
"हे कुठल्या कळपाचं?"

ती पाठमोरी होती, बटाटे सोलत.
"एकाच मेंढीचं.
जिवंत आहे अजून."

तो काही बोलला नाही.
मग पेन्सिल कुठंय, विचारलं,
आणि शेवटच्या आकड्याखाली
रिकाम्या ओळी आखत गेला,
उन्हाळ्यापर्यंत पुरतील एवढ्या,
थोड्या वाकड्या.